चाळीस वाहिन्या पुरतात का?



आमच्या पुण्याच्या भावोजींचा आणि माझा एक जुना वाद आहे. तो दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर निघतोच. ते म्हणतात, "वहिनी, वर्ल्डस्पेससारखा रेडिओ पुन्हा होणे नाही. संगीतातलं काय नव्हतं सांगा त्यात!" मी म्हणते, "भावोजी, होतं पुष्कळ. पण पुरेसं होतं का, हा प्रश्न वेगळा." मग इकडे कुकरची शिट्टी होते, नाहीतर तिकडे दारावरची बेल वाजते, आणि वाद तिथेच राहतो. तेव्हा यावेळी म्हटलं, सगळं नीट लिहूनच काढावं. भावोजी हे वाचणार आहेतच, तुम्हीही वाचा.

आधी हा वर्ल्डस्पेस काय प्रकार होता ते सांगायला हवं. आमच्या घरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलांना हे नावसुद्धा ठाऊक नाही. नोआ समारा नावाच्या गृहस्थांनी १९९० साली ही कंपनी स्थापन केली. आफ्रिका आणि आशियातल्या लोकांसाठी थेट उपग्रहावरून रेडिओ ऐकवायचा ही त्यांची कल्पना. १९९८ मध्ये आफ्रिस्टार आणि २००० मध्ये एशियास्टार असे दोन उपग्रह त्यांनी सोडले. आपल्याकडची सेवा या एशियास्टारवरून यायची. एक खास संच घ्यायचा, त्याची वहीएवढी चपटी अँटेना खिडकीत उपग्रहाच्या दिशेनं नीट लावायची आणि वर्षाची वर्गणी भरायची. मग खरखर नाही, जाहिरातींचा भडिमार नाही, चोवीस तास स्वच्छ गाणं! ए. आर. रहमान त्याचे सदिच्छादूत होते. चाळीसेक वाहिन्या मिळायच्या. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी 'गंधर्व', कर्नाटक संगीतासाठी 'श्रुती', जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता', नव्यांसाठी 'झंकार', शिवाय पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, दक्षिणेकडच्या भाषांच्या वाहिन्या वगैरे वगैरे.

भावोजींची बाजू आधी मांडते, म्हणजे वहिनींनी अन्याय केला असं व्हायला नको.

भावोजी पिंपरीतल्या कारखान्यात पाळीवर काम करायचे. दुसरी पाळी संपवून घरी येईतो रात्रीचे बारा वाजायचे, जेवण होईतो एक. गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. आता सांगा, रात्री एक वाजता या माणसानं शास्त्रीय संगीत ऐकायचं कुठं? आकाशवाणीची सभा तोवर संपलेली असायची. कॅसेटी होत्या, पण त्या त्याच त्या. अशा माणसाच्या घरात 'गंधर्व' आलं आणि मध्यरात्री दरबारी कानडा सुरू झाला, तर त्याला ते वरदानच वाटणार. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जायची तेव्हा मीही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकलेलं आहे. ते सुख मी नाकारत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या रागांना वेळा आहेत. ललित, भटियार पहाटेचे. दरबारी, मालकंस रात्रीचे. पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, लोक पहाटेचा राग ऐकून उजाडल्यावर घरी जायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधनं आली, आणि उघड्या मंडपातल्या मैफली लवकर आवरू लागल्या. (नियम बरोबरच आहे. शेजारच्या आजाऱ्याला झोप लागली पाहिजे.) पण त्यामुळे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायची सोय जवळजवळ संपली. चोवीस तासांच्या शास्त्रीय वाहिनीनं ती उणीव भरून काढली, हे तिचं मोठंच काम. तेव्हा भावोजी, तुमचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य.

आता माझी बाजू.

चाळीस वाहिन्या म्हणजे चाळीस प्रकार, हे खरं. पण माणसाला कान दोनच, आणि एका वेळी तो एकच वाहिनी ऐकतो. भावोजींनी 'गंधर्व' लावलं की ते दिवसभर 'गंधर्व'वरच. जाऊबाई दुपारी 'फरिश्ता' लावायच्या. पुतण्या संध्याकाळी 'झंकार' लावायचा. घरात चाळीस वाहिन्या येत होत्या, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच येत होती. कपड्याच्या दुकानात फळ्यांवर शेकडो साड्या असतात, पण तुम्ही "नारायणपेठ दाखवा" म्हटलंत की गादीवर नारायणपेठेचाच ढीग पडतो. मागच्या फळीवर इरकल आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती मागता येते.

शिक्षिका म्हणून माझा जन्म गेला, तेव्हा मला नेहमी मुलांचाच विचार आधी सुचतो. दहा वर्षांच्या मुलीला जॅझ म्हणजे काय, ठुमरी म्हणजे काय हे माहीत नसतं. मग ती ती वाहिनी लावणार कशी? जे माहीत नाही ते मागता येत नाही. ते कुणीतरी आपणहून पानात वाढावं लागतं.

आमच्या लहानपणी ते कसं वाढलं जायचं पाहा. सांगलीला आकाशवाणीचं केंद्र १९६३ साली सुरू झालं. त्याआधी आम्ही पुणं लावायचो, ते १९५३ चं. सकाळी भक्तिसंगीत, मग कुणाचं तरी शास्त्रीय गायन, मग बातम्या, बाजारभाव. दुपारी बायकांसाठी कार्यक्रम, त्यात एखादं लोकगीत. संध्याकाळी कामगारांसाठी, शेतकऱ्यांसाठी, मग नाट्यगीतं, मग 'आपली आवड'. रेडिओ घरात एक, त्याचा कान पिळायचा अधिकार फक्त वडिलांना, आणि ते तो सहसा पिळत नसत. त्यामुळे 'आपली आवड' ऐकायला बसलेल्या आम्हा भावंडांच्या कानावर त्याआधीची पंधरा मिनिटं सारंगी पडायचीच. आम्ही तोंडं वाकडी करायचो. पण पंगतीत बसल्यावर कारल्याची भाजीही पानात पडते, आणि पाच-सहा वर्षांनी कधीतरी ती आवडायला लागते. मला सारंगी अशीच आवडायला लागली. मी ती कधीही मागितली नव्हती.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. बाप हमालीला, घरी एक जुना ट्रान्झिस्टर. ही सातवीत असताना मधल्या सुटीत मला विचारायला आली, "बाई, सकाळी एक गाणं लागतं, त्यात शब्दच नसतात, नुसतं आ-आ असतं, तरी मला रडू येतं. असं का होतं?" मला काही धड उत्तर देता आलं नाही. (तोडीबिडी असेल.) पण त्या मुलीच्या घरात वर्गणीचा रेडिओ असता, तर ती त्या वाहिनीपर्यंत पोचलीच नसती. ती सिनेमाच्या गाण्यांच्या वाहिनीवर सुखानं राहिली असती. त्यात वाईट काही नाही, पण तो प्रश्न तिला पडला नसता.

म्हणून माझं म्हणणं असं की, उपग्रह रेडिओतलं वैविध्य तयार श्रोत्याला पुरेसं होतं, पण श्रोता तयार करायला ते अपुरं होतं. भावोजींचा कान आधीच तयार होता, म्हणून त्यांना ते पुरलं. आणि तो कान तयार केला होता त्याच खरखरणाऱ्या आकाशवाणीनं! (भावोजी, आता बोला.)

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत एक्सएम नावाची सेवा २००१ मध्ये आणि सिरियस नावाची २००२ मध्ये सुरू झाली. तिकडे त्यांना उपग्रहाच्या जोडीला जमिनीवर पूरक मनोरे उभारता आले, मोटारींमध्ये कारखान्यातच संच बसवून मिळाले, म्हणून धंदा टिकला. आज तिथे तीन कोटींहून जास्त वर्गणीदार आहेत. माझी भाची न्यू जर्सीला असते. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा ऑफिसला जाता-येता ती ते ऐकायची. तिथे साठच्या दशकाची वेगळी वाहिनी, सत्तरच्या दशकाची वेगळी, ऐंशीची वेगळी. भाची शाळेत होती ते दशक लावून बसायची. मी विचारलं, "अगं, अलीकडची पलीकडची दशकं नाही का ऐकत?" म्हणाली, "मावशी, हात स्टिअरिंगवर असतो, कोण बदलत बसतं?" झालं! माणूस आपल्या तरुणपणाच्या कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथेच म्हातारा होतो.

२००८ च्या जुलैत या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांच्या वाहिन्यांची मिळून एक यादी झाली. एकाच प्रकारच्या दोन वाहिन्या होत्या तिथे एक उरली. हिशेबाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं. पण एकाच प्रकारची गाणी दोन वेगवेगळी माणसं निवडत असतील, तर निवडही दोन तऱ्हेची होते. पुष्कळ जुन्या श्रोत्यांनी तेव्हा कुरकूर केली ती यासाठीच. संगीतातलं वैविध्य गाण्यांच्या संख्येवर जितकं अवलंबून असतं, तितकंच ती निवडणाऱ्या माणसांच्या संख्येवर असतं. दहा हजार गाणी एकाच माणसानं निवडली तर ती एकाच माणसाची आवड झाली.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं हा जास्त महत्त्वाचा.

उपग्रह असतो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. तिथून खाली पडणारा झोत म्हणजे विजेरीचा नव्हे, तो अख्खा भारत आणि आजूबाजूचे देशही व्यापतो. वाहिनी वर चढवायचा खर्च ती हजार जणांनी ऐकली काय आणि लाखांनी ऐकली काय, तेवढाच. शिवाय झोतात जागा ठरलेली. वाहिन्या वाढवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याची जागा कमी होते आणि आवाजाचा दर्जा उतरतो. मग कंपनी काय करणार? जे काश्मीरपासून केरळपर्यंत खपेल तेच आधी घेणार. अशा हिशेबात मराठीच्या वाट्याला जास्तीत जास्त एखादी वाहिनी येते. आणि त्या एका वाहिनीत काय काय मावायचं? अभंग, नाट्यगीत, भावगीत, लावणी, पोवाडा, भारूड, कोळीगीतं, धनगरी ओव्या, खानदेशातली अहिराणी गाणी, झाडीपट्टीतली दंडार... एका पिशवीत आठवड्याचा अख्खा बाजार कोंबायचा झाला तर कोथिंबीर चेंगरतेच. मग भावगीतं आणि चित्रपटगीतं तेवढी वर राहतात.

यापुढची गोष्ट म्हणजे, असा रेडिओ जे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं आहे तेच मुख्यतः वाजवू शकतो. ज्याची तबकडी निघाली नाही, कॅसेट निघाली नाही, तो गायक त्याच्या लेखी नाहीच. जात्यावरच्या ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आता पारी या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायलाही मिळतात. या बायका काही कुठल्या कंपनीच्या यादीत नव्हत्या. कुणीतरी यंत्र घेऊन त्यांच्या दारात गेलं, ओट्यावर बसलं, चहा घेतला, तेव्हा ते गाणं बाहेर आलं. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतो. त्याला ओट्यावर बसता येत नाही.

आकाशवाणीला ते येत होतं. आमच्या शाळेतल्या एका शिपाईमामांचे वडील गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकदा त्या मंडळाला केंद्रावर बोलावणं आलं. सगळं मंडळ धुवट धोतरं नेसून, टोप्या घालून एस.टी.नं सांगलीला आलं, ध्वनिमुद्रण करून गेलं, आणि ठरलेल्या दिवशी कार्यक्रम लागला. निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं, मंडळाचं नाव घेतलं. शिपाईमामा हेडबाईंच्या खोलीबाहेर उभे राहून ऐकत होते. आम्ही शिक्षिकाही उभ्याच होतो. ते भजन फार मोठं कलापूर्ण होतं असा माझा दावा नाही. पण ज्या डब्यातून भीमसेन येतात, माणिक वर्मा येतात, त्याच डब्यातून आपल्या गावचं नाव येतं, तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की संगीत ही फक्त मोठ्या शहरातून येणारी वस्तू नाही. वैविध्य म्हणताना मला हेही अभिप्रेत असतं.

आणि नवनिर्मिती? पुण्याचं केंद्र जेमतेम दोन वर्षांचं असताना, १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला नवं गाणं, अशी ५६ गाणी, वर्षभर! त्यातलं एकही गाणं आधी बाजारात नव्हतं. रेडिओनं ते वाजवलं नाही, रेडिओनं ते घडवलं. निव्वळ तबकड्या वाजवणारा रेडिओ कितीही वाहिन्यांचा असला, तरी तो आहे तेवढंच संगीत वाटत राहतो, त्यात भर घालत नाही. भावोजींना मी नेहमी विचारते, उपग्रह रेडिओनं आपल्याला 'गीतरामायणा'च्या तोडीचं काय दिलं? ते म्हणतात, "वहिनी, तुलना बरोबर नाही." का बरोबर नाही?

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. म्हणतात, "ते सरकारी पैशानं झालं. हा बिचारा वर्गणीवर चालणारा धंदा."

पण मंडळी, आकाशवाणीसुद्धा एके काळी वर्गणीचाच रेडिओ होता! तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, घरी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी त्याचे पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. सत्तरच्या दशकात घरच्या रेडिओला वर्षाला पंधरा रुपये पडायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी ते परवाने बंद झाले. म्हणजे पैसे आम्हीही मोजत होतो. फरक इतकाच की, त्या पंधरा रुपयांत हमालापासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांसाठी काहीतरी लावायचं बंधन त्या संस्थेवर होतं. उपग्रह रेडिओच्या वर्गणीत 'मला हवं ते मला मिळावं' एवढाच करार होता. पैसे घेणं वाईट नाही. प्रश्न आहे तो पैसे घेणारा कुणाकुणाला बांधील आहे याचा.

आता कुणी म्हणेल, बाईंना जुनं ते सगळं सोनंच दिसतं. तसं नाही हो. आकाशवाणीनंही कमी घोळ घातलेले नाहीत. १९४० पासून १९७१ पर्यंत तिथे हार्मोनियमला बंदी होती. ज्या महाराष्ट्रात पेटीशिवाय नाट्यगीत उभं राहत नाही, तिथल्या केंद्रांवरही! बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सयानींची गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा 'आम्ही वाढू तेच जेवा' हा हट्टही चालत नाही. पानात कारलं असावं, पण नुसतं कारलंच वाढलं तर माणूस पंगत सोडून हॉटेलात जातो.

आणि खाजगी एफएमचं काय विचारता! २००१ पासून ते आपल्या देशात सुरू झाले. सुरुवातीला परवान्यांची बोली इतकी चढी लागली, की सगळ्यांनाच जाहिरातदाराच्या मागे धावावं लागलं. जाहिरातदाराला हवा एकाच वयाचा, एकाच खिशाचा श्रोता. मग एकाच शहरातल्या पाच केंद्रांवर एकच गाणं. त्यांच्यापुढे वर्ल्डस्पेस म्हणजे अमृतच होतं, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. पण शेजाऱ्यापेक्षा बरं म्हणजे पुरेसं नव्हे. वर्गात पस्तीस गुण मिळवणारे पन्नास जण असले तरी साठवाल्याला मी शंभर देत नसे.

वर्ल्डस्पेसचा शेवट वाईट झाला. मोटारीत ऐकता येईल यासाठी जमिनीवरचे मनोरे लागतात, त्यांची परवानगी इथे मिळाली नाही. २००८ च्या ऑक्टोबरात कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. कंपनीचे बहुतेक वर्गणीदार भारतातच होते. एका तारखेला शास्त्रीय, कर्नाटक, जॅझ, सगळंच एकदम गप्प. चाळीस वाहिन्या होत्या, पण त्यांचं मूळ एकच होतं. गावात चाळीस विहिरी असाव्यात आणि त्या एकाच पंपावर चालाव्यात, तसं ते. पंप बंद पडला की सगळ्या कोरड्या. त्यामानानं २०१६ च्या २६ जानेवारीला आकाशवाणीनं 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. ती फुकट आहे, मोबाइलवर लागते. पाळीवरून रात्री एक वाजता घरी येणाऱ्या आजच्या एखाद्या भावोजींची सोय झाली, मला त्याचा खरोखर आनंद आहे.

"हे सगळं आता कशाला उगाळताय?" असं माझी नात म्हणते. तिच्या मोबाइलवर म्हणे कोट्यवधी गाणी आहेत. असतील. पण मी महिनाभर पाहते आहे, ती त्यातली तीस-चाळीसच ऐकते. तिनं जे ऐकलं त्याच्यासारखंच दुसरं ते यंत्र तिला सुचवतं. आता तर कप्पा निवडायचीही गरज उरलेली नाही, यंत्रच तिच्याभोवती कप्पा बांधून देतं. चाळीस वाहिन्यांचा प्रश्न होता तोच कोट्यवधी गाण्यांचा आहे. साठा वाढला, पण न मागितलेलं पानात वाढणारं कुणी उरलं नाही. कानात ती बोंडं घातल्यामुळे तर आजीचं गाणंही तिच्या कानावर पडत नाही, आणि तिचं माझ्या.

म्हणून मी सध्या एक करते. संध्याकाळी स्वयंपाक करताना सांगली केंद्र लावते, मोठ्यानं. नात आधी कुरकुरायची. आता ती तिथेच बसून शेंगा सोलते. परवा एक धनगरी ओवी लागली, तेव्हा तिनं विचारलं, "आजी, हे कुठल्या भाषेत आहे?" मी म्हटलं, "मराठीतच आहे गं." तिला खरंच वाटेना. बारा-तेरा वर्षांच्या मराठी मुलीला मराठी गाणं परकं वाटावं! पण विचारलं तरी, हेही नसे थोडके.

माझं एवढंच मागणं आहे. वर्गणीची सेवा जरूर घ्या, तुमच्या आवडीचं पोटभर ऐका. पण दिवसातून अर्धा तास असं काहीतरी लावा, जे तुम्ही निवडलेलं नाही आणि जे जवळच्या कुणीतरी निवडलेलं आहे. आपलं स्थानिक केंद्र लावा. आवडलं तर त्यांना पत्र टाका, नाही आवडलं तरी टाका. परगावच्या, परदेशातल्या मंडळींनाही आता देशभरातली कितीतरी केंद्रं मोबाइलवर मिळतात, तेव्हा सबब चालणार नाही. ऐकणारेच उरले नाहीत तर उद्या कुणीतरी हिशेब मांडून म्हणेल की, ही केंद्रं हवीत कशाला, एकच कार्यक्रम सगळीकडे लावू. मग भजनी मंडळाला एस.टी.नं बोलावणारं कुणी राहणार नाही.

असो. पुष्कळ लिहिलं. भावोजी, तुमचं उत्तर फोनवर नको, इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. आणि बाकीच्यांनी मला एक सांगा : न मागता कानावर पडलेलं आणि नंतर जन्मभर पुरलेलं असं तुमचं कोणतं गाणं? कुठे ऐकलंत, कुणाच्या रेडिओवर?